हिमोफिलियाच्या पेशंटला काळी शी झाली. फॅक्टर देऊन थांबली. मग दुर्बीण कशाला?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंनी विचारलं आहे. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, तीव्र हिमोफिलिया ए (रक्त गोठवणारं ‘फॅक्टर आठ’ हे प्रथिन अंगात जवळजवळ नसतं, ते बाहेरून टोचावं लागतं), वजन ६० किलो, यंत्रमागावर काम. गुडघे दुखतात म्हणून कामावर जाताना रोज दुखण्याची गोळी. दोन महिन्यांपूर्वी तीन दिवस काळी शी झाली, चक्कर आली, हिमोग्लोबिन ७.४ वर आलं. दवाखान्यात फॅक्टर आणि रक्ताची एक बाटली दिली, रक्त थांबलं. ‘हिमोफिलिया म्हटल्यावर असं व्हायचंच’ असं सांगून घरी पाठवलं. गेल्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. आता एक डॉक्टर दुर्बीण करा, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर आतून बघा, म्हणतात. घरचे म्हणतात, आतून कुठे खरचटलं तर रक्त थांबणारच नाही. शिवाय ताईंच्या सोळा वर्षांच्या मुलीला पाळीत फार जातं, तिलाही हेच असेल का, हा दुसरा प्रश्न.

ताई, दुर्बीण करा. फॅक्टर देऊन करा, पण करा, आणि या आठवड्यातच करा. आज भावाची शी पुन्हा काळी दिसत असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा बसल्या जागी नाडी शंभराच्या वर असेल, तर पुढचं नंतर वाचा. आधी त्याला न्या, फॅक्टर द्या.

मी सोलापुरात २६ वर्षं पोटविकारांचं काम करतो आहे. ‘हिमोफिलिया म्हटल्यावर असं व्हायचंच’ या वाक्याची मला फार भीती वाटते, कारण ते अर्धं खरं आहे. तीव्र हिमोफिलियात गुडघ्यात, घोट्यात, कोपरात काही निमित्त नसताना रक्त साचतं. तुमच्या भावाचे गुडघे तसेच गेले असणार. पण जठराचं आणि आतड्याचं तसं नाही. तिथून रक्त गेलं की बहुतेक वेळा आत एखादी जागा सापडते: अल्सर, फुगलेली शीर, सुजलेलं अस्तर, मूळव्याध, गाठ. हिमोफिलिया ती जखम करत नाही, झालेल्या जखमेवर खपली धरू देत नाही. बाहेरून दिलेलं फॅक्टर आठ दर आठ ते बारा तासांनी निम्मं होतं. दोन-तीन दिवसांत अंगात काहीच उरत नाही. जखम मात्र तिथेच असते, आणि तिच्यावर सकाळी पुन्हा तीच गोळी पडते. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा रक्त जाण्यात मला नवल वाटत नाही.

आधी काळी शी म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण यात दोन्ही बाजूंनी चुका होतात. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शी काळपट हिरवी होते, पण ती बांधलेली असते आणि वास नेहमीचाच येतो. रक्ताची शी डांबरासारखी असते. ती भांड्याला चिकटून बसते, एका बादलीत जात नाही, पाणी ओतलं की कडेनं तांबूस ओघळ दिसतो, आणि तिचा वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर दारातूनच सांगतात, ‘सर, वरचं ब्लीडिंग आहे.’ वरचं म्हणजे अन्ननलिका, जठर किंवा लहान आतड्याची सुरुवात. तिथलं रक्त आम्लानं आणि पाचकरसांनी बदलून काळं होतं. खालच्या आतड्यातलं रक्त लाल किंवा काळपट तांबडं पडतं. मात्र वरून फार जोरात रक्त जात असेल तर तेही लालच येतं, आणि तेव्हा वेळ मिनिटांत मोजायची असते.

आणखी एक गोष्ट. नाकातलं किंवा हिरडीतलं रक्त रात्रभर गिळलं तर सकाळी कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होते आणि दुसऱ्या दिवशी शी काळी होते. लहान मुलांत हे फार पाहायला मिळतं. दात पडायच्या वयातली मुलं, उशीवर डाग, आई घाबरून धावत आलेली. म्हणून मी पोट तपासण्याआधी बॅटरी घेऊन तोंड बघतो. मोठ्या माणसांत, विशेषतः मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या बघितल्या की कधीकधी अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

हिमोग्लोबिनवर मात्र लगेच विसंबू नका. रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी बरोबरच जातात, त्यामुळे पहिल्या काही तासांत आकडा फारसा हलत नाही. शरीर पाणी ओढून घेतं तसा तो उतरतो. ‘सकाळी ११ होतं, म्हणजे काही नाही’ म्हणून घरी सोडलेला माणूस रात्री ७ घेऊन परत आलेला मी पाहिला आहे. नाडी आधी बोलते. आडवं असताना ८० आणि उभं केल्यावर १२० झाली, तर मी आकड्याची वाट बघत नाही.

आता त्या गोळीकडे येऊ. मला वाटतं तुमच्या भावाच्या दुखण्याचं मूळ तिथेच निघेल.

माग सुरू झाला की माणूस आठ-दहा तास उभा असतो. झिजलेल्या गुडघ्यांवर तसं उभं राहणं म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो गोळी घेतो यात त्याचा दोष नाही. पण डायक्लोफेनॅक, एसीक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन ही सगळी एकाच घरातली भावंडं. जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करणारे प्रोस्टाग्लँडिन ती बनू देत नाहीत, म्हणून अल्सर होतो. त्याच वेळी प्लेटलेटची एकमेकींना धरायची ताकदही कमी करतात. म्हणजे ज्याला फॅक्टर नाही, त्याच्या प्लेटलेटही आपण लुळ्या करतो. ॲस्पिरिन तर अजिबात नको. ते प्लेटलेटला तिच्या सगळ्या आयुष्यभरासाठी निकामी करतं, म्हणजे सात ते दहा दिवस. मेडिकलमध्ये ‘दुखण्याची साधी गोळी द्या’ म्हटलं की पॅरासिटामॉलबरोबर यातलंच काहीतरी जोडून असलेली गोळी हातात पडते. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, किंवा पट्टी घेऊन या, आम्ही वाचून देतो. आठवडी बाजारात मिळणाऱ्या, वातावरच्या बिननावाच्या पुड्या तर हातातही घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि दुखण्याचं औषध मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. त्यांनी गुण येतो तो त्यामुळेच, आणि जठराला भोकही त्यामुळेच पडतं.

मग दुखण्याचं काय करायचं? निव्वळ पॅरासिटामॉल घ्या, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत, आणि यकृताचा काही त्रास निघाला तर २ ग्रॅमच्या आत. त्यानं भागलं नाही तर सेलेकॉक्सिबसारखी प्लेटलेटला न धरणारी गोळी, तीही आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत, थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. तीसुद्धा अल्सर भरून आल्यावरच. पण खरा उपाय गोळीत नाही. सांध्यात रक्तच उतरू नये म्हणून नियमित फॅक्टर किंवा फॅक्टर आठचं काम करणाऱ्या एमिसिझुमॅबचं इंजेक्शन, आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, हे सुरू झालं तर गोळीची गरज निम्म्यावर येते. दुर्बिणीच्या कागदासोबत हे बोलणंही डॉक्टरांशी करा. नुसती गोळी बंद करून पाठवलं तर महिन्याभरात तो पुन्हा घेणार. दुखणारा माणूस किती दिवस दम धरेल?

घरचे हमखास विचारतात, शेंगाचटणी बंद करायची का? नाही. तिखटानं जळजळ वाढेल, अल्सर होत नाही. अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे ही औषधं आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो शोधला, तेव्हा जठराच्या आम्लात जंतू जगतो यावर कोणी विश्वास ठेवेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतः तो जंतू प्यायला आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे हा जंतू घरोघरी आहे, लहानपणीच येतो आणि बहुतेकांना काही करत नाही. पण हिमोफिलियाच्या माणसात मी त्याला सोडत नाही. सापडला तर चौदा दिवसांचं औषध पूर्ण द्यायचं आणि संपल्यावर चार आठवड्यांनी तो गेला का ते पुन्हा तपासायचं. एक अडचण ध्यानात ठेवा: पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असताना तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. रक्त जात असतानाही तसं होतं. दुर्बिणीच्या दिवशी निगेटिव्ह आलं म्हणून समाधान मानू नका, नंतर गोळी दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा करायला सांगा.

तुमच्या भावाचं वय वाचून मला आणखी एक काळजी वाटते. १९९० च्या आसपासचा जन्म, म्हणजे लहानपणी त्याला फॅक्टरच्या कुप्या क्वचितच मिळाल्या असतील. त्या काळी प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) आणि क्रायो (प्लाझ्मा गोठवून काढलेला, फॅक्टर आठ असलेला घटक) यांच्या पिशव्या चढायच्या. एकेका वेळी आठ-दहा पिशव्या, म्हणजे आठ-दहा रक्तदाते. हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, आणि आपल्याकडे रक्तपेढीत त्याची तपासणी सक्तीची व्हायला २००१ उजाडलं. मधल्या वर्षांत ज्यांना रक्तघटक मिळाले त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या यकृतात हा विषाणू गुपचूप बसला आहे. वीस-तीस वर्षांत यकृत कडक होतं, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि एके दिवशी फुटतात. मग ज्याला सगळे ‘हिमोफिलियाचं रक्त’ म्हणतात ते असतं सिऱ्होसिसचं. त्याचा इलाज पूर्ण वेगळा. त्या शिरांना दुर्बिणीतून रबरबँड लावावे लागतात, ऑक्ट्रिओटाइड आणि अँटिबायोटिक द्यावं लागतं. नुसत्या फॅक्टरनं ते आवरत नाही. म्हणून दुर्बिणीच्या आधीच हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही आणि सोनोग्राफी करून घ्या. सी निघाला तर खचू नका. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटॅस्विर या गोळ्या साधारण बारा आठवडे घेतल्या की शंभरात पंच्याण्णवांहून अधिक जणांचा विषाणू कायमचा जातो, आणि २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात हे औषध सरकारी रुग्णालयात फुकट मिळतं. मी २०१५ च्या आधीचे दिवस पाहिलेत, इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेऊन माणसं वर्षभर तापानं फणफणायची. त्यामुळे हे लिहिताना मला मनापासून बरं वाटतं.

आता दुर्बिणीची भीती. ती रास्त आहे, पण फॅक्टर न देता केलेल्या दुर्बिणीबद्दल ती रास्त आहे. क्रम एवढाच पाळायचा: आधी फॅक्टर, मग दुर्बीण. रक्त चालू असेल तरी हाच क्रम, पुण्याला किंवा हैदराबादला न्यायचं ठरलं तरी हाच. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. चार-साडेचार तास फॅक्टरविना गाडीत घालवायचे आणि तिथे पोचल्यावर सुई टोचायची, याला काही अर्थ नाही. इथे टोचा, मग गाडीत बसा.

हिशोब सोपा आहे. फॅक्टर आठचं एक युनिट दर किलोमागे दिलं की पातळी दोन टक्क्यांनी वाढते. पोटातल्या मोठ्या रक्तस्रावात सुरुवातीला ८० ते १०० टक्के पातळी गाठायची असते. तुमच्या भावाला शंभर टक्के गाठायला ६० गुणिले १०० गुणिले अर्धा, म्हणजे ३००० युनिट. ५०० च्या सहा कुप्या. पुढे पातळी ५० च्या आसपास ठेवायची, त्यासाठी साधारण १५०० युनिट दर बारा तासांनी, आणि हे सात ते चौदा दिवस. इथेच आपल्याकडे गाडी अडते. पहिल्या दिवशी फॅक्टर मिळतं, तिसऱ्या दिवशी ‘आता थांबलंय ना, कुप्या संपल्यात’ म्हणून बंद होतं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी खपली निघून पुन्हा सुरू. तुमच्या भावाला पहिल्या वेळी किती दिवस फॅक्टर दिलं ते कागदावर बघा. साठा कमी असेल तर कमी डोसात भागवावं लागतं हे मी नाकारत नाही, मीही भागवलं आहे. पण डोस कमी करा, दिवस कमी करू नका. हिमोफिलिया बी असेल तर औषध फॅक्टर नऊ आणि हिशोबही वेगळा: एका युनिटला एकच टक्का. क्रायोमध्ये फॅक्टर नऊ नसतं, ‘काहीच नाही तर क्रायो लावा’ हे बीच्या पेशंटला चालत नाही, त्याला प्लाझ्मा लागतो.

कुप्यांबद्दलही दोन शब्द. फॅक्टर २ ते ८ अंशांत ठेवायचं. काही कुप्यांवर ‘खोलीच्या तापमानाला चालेल’ असं असतं, पण ते २५-३० अंशांबद्दल आहे, आपल्या एप्रिल-मे महिन्यांतल्या ४२ अंशांबद्दल नाही. स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या कुपीवर मी विसंबणार नाही. बर्फाच्या पिशवीवर रुमाल ठेवून डब्यातून आणा, बर्फ थेट कुपीला लागून ती गोठू देऊ नका. पाणी घातल्यावर कुपी खळाखळा हलवू नका, फेस होतो आणि औषध वाया जातं. दोन्ही तळव्यांत धरून लाटीसारखी हळू फिरवा. नवीन सिस्टर असतील तर हे नम्रपणे सांगायला लाजू नका. प्रत्येक कुपीवरचं लेबल वहीत चिकटवा, आणि इंजेक्शन शिरेतच. कमरेत सुई नको, तिथे गाठ होईल.

दुर्बीण म्हणजे सहा तास उपाशी, घशात बधिर करणारा फवारा, डाव्या कुशीवर झोपणं आणि पाच-दहा मिनिटं. करंगळीएवढी मऊ नळी. फॅक्टर दिल्यावर अर्ध्या तासात ती घालता येते, तुकडाही घेता येतो. मी अशा कितीतरी पेशंटना तुकडा घेऊन संध्याकाळी चहा पाजला आहे. अल्सरमधून रक्त येत असेल तर त्याच नळीतून इंजेक्शन देतो, चिमटा लावतो किंवा शेकतो. आणि जाण्याआधी इनहिबिटर तपासला आहे का ते विचारा. तीव्र हिमोफिलिया एमध्ये शंभरातल्या २५-३० जणांचं शरीर कधी ना कधी बाहेरच्या फॅक्टरविरुद्ध प्रतिद्रव्य तयार करतं, मग फॅक्टर कितीही द्या, लागू पडत नाही. त्यांना फॅक्टर सात-ए किंवा फेबा ही फॅक्टर आठला वळसा घालणारी औषधं लागतात. पूर्ण डोस देऊनही रक्त थांबत नसेल तर प्रत्येक तासाला आणखी फॅक्टर ओतत बसण्यापेक्षा इनहिबिटरची शंका घ्यावी. एमिसिझुमॅब चालू असलेल्यांनी ते दवाखान्यात पहिल्या वाक्यात सांगावं. त्या औषधानं एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी) खोटाच नॉर्मल दिसतो आणि डॉक्टर फसतात, शिवाय त्याच्याबरोबर फेबा जास्त दिलं तर गुठळ्या होण्याचा धोका असतो.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, म्हणजे धरलेली खपली विरघळू न देणारं औषध, त्याबद्दल सगळे विचारतात. २०२० मध्ये बारा हजार पेशंटवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात साध्या माणसांच्या पोटातल्या रक्तस्रावात त्याचा उपयोग दिसला नाही, उलट शिरांतल्या गुठळ्या थोड्या वाढल्या. गोठण्याचा दोष असलेल्यांत गणित वेगळं आहे. तिथे फॅक्टरच्या जोडीला आम्ही ते वापरतो. फॅक्टरऐवजी मात्र नाही. आणि लघवीतून रक्त जात असेल तर तेही नाही, कारण मूत्रमार्गात रक्ताची गुठळी अडकते.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. भावाला कधी उजवीकडे खालच्या पोटात दुखलं, आणि तो मांडी पोटाशी घेऊन पडला, पाय सरळ करताना ओरडला, तर ते अपेंडिक्सच असेल असं नाही. कमरेच्या आतल्या सोआस नावाच्या स्नायूत रक्त उतरल्यावर हुबेहूब तसंच दिसतं. हिमोफिलिया माहीत नसताना अशा माणसाचं पोट उघडलं गेलं तर त्यासारखं संकट नाही. फॅक्टर द्यायचं, सोनोग्राफी करायची, मग बोलायचं.

आता तुमच्या मुलीकडे येण्याआधी मला एका मावशींबद्दल लिहायचं आहे. त्यांच्यामुळे मी माझी सवय बदलली.

पंचावन्न वर्षांच्या, विडी वळणाऱ्या. माझ्याकडे आल्या तेव्हा हिमोग्लोबिन ५.२. पाच वर्षांत अकरा बाटल्या रक्त चढलं होतं. जठराची दुर्बीण दोनदा नॉर्मल, मोठ्या आतड्याची एकदा नॉर्मल. ‘मूळव्याधच असणार’ म्हणून ऑपरेशन झालं होतं आणि ती जखम तीन आठवडे वाहत होती. त्यांच्या कागदांची पिशवी चाळताना मी सहज विचारलं, पाळी कशी होती? त्या म्हणाल्या, ‘अठ्ठावीसाव्या वर्षी पिशवी काढली, लई जायचं. पिशवी काढल्यावर बी धा दिवस दवाखान्यातनं सोडलं न्हाई.’ नाकातून लहानपणापासून रक्त. मुलालाही तसंच. चाळीस वर्षं ही बाई रक्त गमावत होती आणि आम्ही डॉक्टर मंडळी एकेक अवयव तपासून, कापून मोकळे होत होतो. रक्ताकडे कोणी पाहिलंच नाही.

त्यांना व्हॉन विलेब्रांड आजार निघाला, टाइप २ए. फिनलंडचे डॉक्टर एरिक व्हॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबात तो प्रथम ओळखला. जखमेच्या जागी प्लेटलेटला चिकटवणारं एक मोठं प्रथिन असतं, ते यात कमी किंवा सदोष असतं. हेच प्रथिन बारीक रक्तवाहिन्यांच्या वाढीवरही लगाम ठेवतं. त्याचे सगळ्यांत लांब धागे नसले, तर आतड्यात कमकुवत वाहिन्यांची कोळ्याच्या जाळ्यासारखी गुंतागुंत वाढते. तिला अँजिओडिस्प्लेसिया म्हणतात. ती टाइप २ए आणि टाइप ३ मध्ये जास्त, वयाबरोबर वाढते, आणि साध्या दुर्बिणी पोचत नाहीत अशा लहान आतड्यातही असते. मावशींना कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला दिली, तेव्हा लहान आतड्याच्या मध्यावर दोन लाल चांदण्या दिसल्या. आता त्यांना व्हॉन विलेब्रांड फॅक्टर असलेलं औषध नियमानं मिळतं, लोह शिरेतून देतो. मागच्या वर्षी एकदाही रक्त चढवावं लागलं नाही. त्या यंदा गड्ड्याच्या जत्रेत चालत फिरल्या.

या आजारात शुद्ध रिकॉम्बिनंट (रक्तातून न काढता प्रयोगशाळेत बनवलेलं) फॅक्टर आठ देऊन उपयोग नाही. प्लाझ्मापासून बनवलेलं, व्हॉन विलेब्रांड प्रथिन असलेलंच हवं. ते नसेल तर क्रायो.

आता तुमची मुलगी. हिमोफिलिया एक्स गुणसूत्रावरून येतो. तुमची आई वाहक असेल तर तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि तुमच्या मुलीची पाव. ‘वाहक म्हणजे तिला काही होत नाही’ हे जुनं समजून आता सोडून द्यायला हवं. काही वाहक मुलींची फॅक्टरची पातळी ४० टक्क्यांच्या खाली असते, पाळीत फार जातं, दात काढल्यावर रक्त थांबत नाही. पण तिला व्हॉन विलेब्रांड किंवा प्लेटलेटचा दोषही असू शकतो, म्हणून फॅक्टर आठ, व्हॉन विलेब्रांड अँटिजन आणि त्याची ॲक्टिव्हिटी, सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा) असं सगळं एकदम करा. एपीटीटी नॉर्मल आला म्हणून थांबू नका, व्हॉन विलेब्रांडमध्ये तो नॉर्मल असू शकतो. आणि तुमचीही पातळी तपासा, उद्या तुमचं एखादं ऑपरेशन निघालं तर तो आकडा हाताशी असेल.

सोलापुरात ही तपासणी करताना नमुना कसा जातो याकडे फार लक्ष द्या. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी. चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करून, गोठवून, गोठलेलाच पुण्या-मुंबईला पोचला पाहिजे. प्लाझ्मा वेगळा न करता रक्त तसंच बर्फात ठेवलं तर व्हॉन विलेब्रांड आणि फॅक्टर आठ खोटंच कमी दिसतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलेल्या नमुन्यावर एका मुलीला आजार चिकटवला गेला, आणि तिचं जमलेलं लग्न मोडायची वेळ आली. पुन्हा नीट तपासलं तर सगळं नॉर्मल. ज्या लॅबमध्ये नमुना घेतील तिथेच तासाभरात सेंट्रीफ्यूज होतो का, हे विचारल्याशिवाय हात पुढे करू नका. तुम्ही दोघी वाहक आहात का हे पक्कं करायला भावाच्या रक्तातून जनुकाचा दोष शोधावा लागतो. मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत ही तपासणी होते.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर मोकळेपणानं सांगतो, कारण आपल्या भागात मामा-भाचीचं, आत्या-मामांच्या मुलांचं जुळवणं अजून चालतं. नात्यातल्या लग्नानं हिमोफिलिया निर्माण होत नाही. पण हिमोफिलिया असलेल्या मामाचं लग्न वाहक भाचीशी झालं तर होणाऱ्या मुलींपैकी निम्म्यांना वाहकपणा नव्हे, थेट हिमोफिलिया होण्याची शक्यता असते. व्हॉन विलेब्रांडचा टाइप ३, ग्लान्झमन हा प्लेटलेटचा दोष, फॅक्टर तेराची कमतरता, हे आजार तर दोन्हीकडून दोष आला तरच होतात, आणि ते मला नात्यातल्या लग्नांच्या घरांत जास्त दिसतात. मुलगी सज्ञान होण्याआधी तिचा कागद तयार असू द्या. तो लपवायला नाही, तिनं स्वतः पाहून ठरवायला.

दुर्बिणीला येताना भावाचे जुने सगळे कागद, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि फॅक्टरची वही घेऊन या. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, म्हणजे काही करावं लागलं तर दिवसभर रक्तपेढी आणि माणसं हाताशी असतात. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर तेही मार्गी लावा, २०१६ च्या कायद्यात हिमोफिलिया आहे. पाकिटात एक जाड कागद ठेवायला सांगा: आजाराचं नाव, फॅक्टरची पातळी, इनहिबिटर आहे की नाही, वजन, रक्तगट, आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘३००० युनिट, आधी द्या, मग तपासा’. दुर्बिणीत जे निघेल ते कळवा, त्यावर पुढचं औषध सांगतो.